डिस्क दिसत नाय!

कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की गजाकाकांचा चेहरा लग्नाचं आमंत्रण आल्यासारखा फुलतो.

करंजाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटे राहतात. सगळा जन्म भातशेतीत गेला. मग जमिनी गेल्या, फ्लॅट आले, आणि साठीनंतर काकांना हार्ड डिस्कचं वेड लागलं. लिफ्टमध्ये भेटले तर आपली तब्येत विचारत नाहीत. "डिस्क बरी हाय ना?" एवढंच. सोसायटीच्या सभेत टँकरवरून भांडण पेटलेलं असताना त्यांनी सेक्रेटरींना कोपऱ्यात घेऊन "बॅकअप हाय का तुमच्याकडं?" असं विचारलेलं मी स्वतः ऐकलंय.

गेल्या रविवारी माझी पाळी आली. जुन्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसले, तर स्क्रीनवर आलं, ड्राइव्ह सापडत नाही. मी नवऱ्याला ओरडून सांगितलं, आणि दारात काका हजर! हातात स्क्रूड्रायव्हर, पायात चपला नाहीत.

"डिस्क दिसत नाय? आयला, मजा आली!"

त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, धुळीवर फुंकर मारली, डिस्कची वायर काढून परत घट्ट बसवली. "आता बघ बाय, बघ, येतेय!" डिस्क दिसली. काकांनी माझ्या नवऱ्याला मिठीच मारली. तेवढ्यात दुसरी एरर. या डिस्कवर इन्स्टॉल करता येणार नाही म्हणे. काका आणखीच खूश.

"हिची मांडनी जुनी हाय, नव्या सिस्टिमला चालत नाय. सगली पुसून नवी करायला लागंल."

"मग पुसते," म्हणत मी माऊस 'डिलीट'वर नेला.

"थांब!"

काकांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"काय हाय यात, बघितलंस?"

"जुना कचरा असेल हो काका."

"बघितलंस का, ते बोल."

नव्हतं बघितलं. काकांनी डिस्क काढून वर नेली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि एकेक फोल्डर उघडत गेले. त्यात माझ्या लेकीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ निघाला. तो मोबाईलमध्ये आहे असं मी धरून चालले होते. नव्हता. सगळं दुसरीकडे उतरवून घेतल्यावरच काकांनी डिस्क पुसू दिली. सिस्टिम झरझर चढली आणि काकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी शिऱ्याची वाटी घेऊन वर गेले. सहज विचारलं, "काका, हे सगळं शिकलात कुठे?"

त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "माज्याच हातान गेलं होतं ना."

त्यांची बायको यमुनाकाकी धवलारीण होती, आगऱ्यांच्या लग्नात विधीची गाणी म्हणणारी. काकांनी तिची गाणी मोबाईलवर घेऊन कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती. काकी वारल्यानंतर नवी सिस्टिम टाकताना अशीच एरर आली, आणि त्यांनी 'डिलीट' दाबलं.

"मग शिकलो. शिकून शिकून एकच गानं परत मिलालं. ऐकतेस?"

त्यांनी लावलं. काकीचा आवाज खणखणीत होता. पण गाणं रंगात आलं आणि ती मध्येच थांबून ओरडली, "आवो, बंद करा तो मोबाईल, भात करपला!"

मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाले,

"करपू दे गो."