अण्णांच्या मोटारीतलं टक

आमच्या शेजारचे अण्णा रोज संध्याकाळी सातला बायकोला घेऊन मोटारीत बसतात आणि मोटार कुठंही जात नाही. पत्र्याच्या शेडमध्ये जागच्या जागी उभी! सव्वा तासानं दोघं उतरतात, काकू पदर सावरतात, अण्णा शेडला कुलूप लावतात. बुऱ्हाणपूरचं हे अख्खं लालबाग म्हणतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मीही म्हणत होते, खोटं कशाला बोलू?

अण्णा कागद मिलच्या टाइम ऑफिसात होते. तीस वर्षं हजेरी सांभाळली, पण गैरहजर माणसाला एकदाही हजर दाखवलं नाही. सख्ख्या मेव्हण्याचासुद्धा अर्धा दिवस कापला. "टाइम म्हणजे टाइम!" हे त्यांचं पालुपद. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली, तर ह्या गृहस्थानं मुहूर्ताच्या मिनिटाला उठून एकट्यानंच अक्षता टाकल्या. व्याही बघतच राहिले. मी चार महिने त्यांच्याशी बोलले नाही.

ती मोटार म्हणजे जुनी, काळी, गोल पाठीची. नोकरीत असताना दर रविवारी दोघं मिल कॉलनीतून तिच्यातून बुऱ्हाणपूरला यायची. वाटेत चांदनी गावापाशी काकू म्हणायच्या, थांबवा हो, दोन घास खाऊन घेऊ. अण्णा कसले थांबतात! मग काकूंनीच युक्ती काढली. मोटारीतलं घड्याळ बॅटरीवर दर दोन मिनिटांनी आपली आपण चावी भरून घेतं, तेव्हा 'टक' वाजतं. टक झालं की काकू डब्यातला एक घास गाडी चालवणाऱ्या अण्णांच्या तोंडात घालायच्या, एक स्वतः खायच्या. बुऱ्हाणपूर येईपर्यंत डबा रिकामा.

आता काकूंना काही आठवत नाही. ना मुलं, ना घर, ना अण्णा. घरात ताट पुढं केलं की तोंड फिरवतात. पण मोटारीत बसवलं आणि टक झालं की तोंड उघडतात. म्हणून तो सव्वा तास. हे मला कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

मागच्या महिन्यात ते घड्याळ बंद पडलं आणि काकूंचं खाणंही थांबलं. अण्णांनी वाटीवर चमचा वाजवून पाहिला, जिभेनं टक करून पाहिलं. काही उपयोग नाही. दोन दिवस नुसतं पाणी. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा माझ्या दारात. "मॅडम, तुम्ही सायन्स शिकवता ना? चला."

"अहो अण्णा, आम्ही फळ्यावर शिकवतो."

"चला म्हणतो ना!"

घड्याळ त्यांनी आधीच काढून टेबलावर मांडलं होतं. आतले ठिणगी पडायचे दोन ठिपके कानशीनं घासून घासून पार झिजवले होते. मी बोटानं चावी भरली. चाललं! दोन मिनिटं झकास चाललं आणि टक न करताच थांबलं. म्हणजे यंत्र ठीक होतं, वीजच पोचत नव्हती. मागं पाहिलं तर कथलाचा एक टाका वितळून खाली पडलेला.

"अण्णा, हा टाका मुद्दाम ठेवलेला असतो. बॅटरी उतरली की चावी भरायला जोर पुरत नाही, वीज आत वाहतच राहते आणि तापून तो वितळतो, म्हणजे आतली तारेची गुंडाळी जळत नाही. तुमची बॅटरी कशानं उतरली? उभ्या गाडीत काही चालू ठेवता का?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "छताची बत्ती."

"सव्वा तास? रोज? कशाला पण?"

"तिला माझा चेहरा दिसावा म्हणून. म्हटलं, एखाद दिवशी वळखेल."

टाइम ऑफिसच्या माणसाला मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मी शाळेतली कथलाची तार आणून टाका घातला. अण्णांनी बॅटरी भरून आणली आणि सातच्या ठोक्याला काकूंना पुढच्या सीटवर बसवलं. मी मागं बसले, काही बिघडलं तर असावं म्हणून. बत्तीला आता त्यांनी हात लावला नाही. शेडमध्ये अंधार पडला होता.

टक.

अण्णांनी दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास पुढं केला. काकूंनी तोंड घट्ट मिटलं.

मग काकू बोलल्या. कित्येक महिन्यांनी सलग बोलल्या. "भैया, गाडी जरा जल्दी चलाओ. आमचे हे दारात घड्याळ बघत बसले असतील. ते जेवल्याशिवाय मी कशी खाऊ?"

अण्णांचा हात तसाच राहिला. त्या दोन दिवसांत त्यांच्याही पोटात अन्न नव्हतं, मला ठाऊक होतं.

टक.

"साहब ने खा लिया, बाईसाहब," अण्णा म्हणाले. "पेटभर. मैं देख के आया."

"खरं?"

"टाइम पे खा लिया."

काकूंनी तोंड उघडलं.