पॅल्मेटोचं दुसरं टोक

त्या रविवारी मी स्वखुशीने कुदळ उचलली. (लग्नानंतर स्वखुशीने केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. बाकीच्याही अशाच अंगाशी आल्या आहेत.)

आमच्या फाटकाशी एक पॅल्मेटो आहे. पंख्यासारख्या पानांचं, खांद्याएवढं ताडाचं झाड. ते घराबरोबरच आमच्या वाट्याला आलं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर त्याचं पान फाडकन बसतं. शनिवारी ते घरी आलेल्या माझ्या ऑफिसच्या साहेबांना बसलं. (क्षणभर बरं वाटलं, पण ते असो.)

"हे मागच्या अंगणात हलवतो," मी जाहीर केलं.

"माळी बोलवा," बायको म्हणाली.

"एवढ्याशा झाडाला माळी? तू चहा टाक. उकळेपर्यंत काढतो."

थोडं खणल्यावर पाहतो तर झाडाला सरळ खोडच नाही! मुकाट्याने रोपवाटिकेवाल्याला फोन लावला.

"पॅल्मेटोच्या जाती असतात साहेब," तो काहीतरी चघळत म्हणाला. "एकाचं खोड उंच जातं, एकाचं जमिनीत गाडलेलं असतं, एकाचं आडवं सरपटतं. तुमचा कुठला? दात आहेत का?"

"आहेत की. दोन दाढा तेवढ्या काढल्यात."

"देठाला हो, देठाला! हात फिरवून बघा."

मी फिरवला.

"आई गं!"

"म्हणजे करवती जात. खोड आडवं असणार. माती उकरत जा, सापडेल." आणि तो खो खो हसत सुटला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

खोड सापडलं. मांडीएवढं जाड, मगरीसारखं निवांत पसरलेलं. त्याच्या मागोमाग मी खणत निघालो. बायकोचा मोगरा गेला, शेवंती गेली, वाटेतल्या चार फरश्या उखडल्या. चहा कधीच उकळून आटून गेला होता. खोड मात्र कुंपणाच्या भिंतीपाशी पोचलं आणि पाणी जायच्या भोकातून पलीकडे पसार झालं.

मी त्याला दोरी बांधली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि जीव खाऊन ओढलं.

"चोर! चोर!" पलीकडून आरोळी आली. "माझं झाड चाललं!"

भिंतीवर शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं डोकं उगवलं. (माझी पन्नाशी जवळ आली, पण बाई दिसल्या की माझा आवाज सातवीत जातो.)

"माझ्या पॅल्मेटोला कोण ओढतंय?"

"मी नाही बाई. मी माझा ओढतोय."

"मग माझा का हलतोय? ओढा बघू पुन्हा."

ओढला.

"हलला! थांबा, आता मी ओढते."

बाईंनी ओढला. मी कमरेच्या दोरीसकट खड्ड्यात तोंडावर आपटलो.

झाड एकच होतं. एक शेंडा त्यांच्याकडे, एक आमच्याकडे.

"म्हणजे इतकी वर्षं माझं खत तुम्ही खाल्लंत!" बाई म्हणाल्या.

"मी नाही बाई, झाडानं..."

"उलट उत्तर नको. होतं तसं पुरून टाका. माती नीट दाबून."

"बाईंचं बरोबर आहे," आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

मी पुरायला लागलो. माती दाबत दाबत फाटकाशी पोचलो, शेवटची ढेकळं चेपायला वाकलो, आणि करवती देठांनी माझी पँट मागून अशी पकडली, की ना वर होता येई, ना खाली. हललो की टर्रकन आवाज येई.

"बाबांना बोलावते," बायको म्हणाली.

"त्यांना नको! कुणालाही बोलाव, पण..."

"बाबा, मोठी कात्री घेऊन या," फोन लागलासुद्धा. "झाडात माणूस अडकलाय." (कोण, ते तिने सांगितलं नाही. तेवढी माझी अब्रू ती राखते.)

पलीकडच्या गल्लीतून सासरे लगबगीने आले. मी नखशिखांत चिखल, ओणवा. त्यांनी शांतपणे कापड कापून मला मोकळं केलं आणि सपाट झालेल्या मातीकडे कौतुकाने पाहिलं.

"माणूस कामसू आहे गं!" ते मुलीला म्हणाले. मग माझ्या कानाशी वाकले. "इथलं उरकलं की माझ्याकडेही ये. बरं, मला सांग, आमचे जावई कुठे उलथलेत?"

मी चिखलाच्या तोंडानेच म्हणालो, "साहेब झोपलेत."

"वाटलंच मला," सासरे म्हणाले, आणि माझ्या हातावर त्यांनी चहापाण्याला म्हणून एक नोट ठेवली.