सोपानअण्णांचं एकांतनगर

सोपानअण्णांना मोकळी जागा खपत नाही. मांडवगण फराट्यात त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे. आमच्या भागात वाढदिवस एकाचा असतो आणि शुभेच्छुक साठ. ते सगळे एका फ्लेक्सवर बसवायची विद्या अण्णांकडे आहे. कुणाला वगळायचं नाही, कुणाचा कान कापायचा नाही. एवढं करून तळहाताएवढी जागा उरलीच, तर ते तिथे वाघ टाकतात.

"सर, मोकळी जागा दिसली की समजायचं, गावात कुणीतरी रुसलंय," ते मला सांगतात. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. फ्लेक्सवरचं शुद्धलेखन ते मला आवर्जून दाखवतात, माझ्या दुरुस्त्या मन लावून ऐकतात आणि होतं तसंच छापतात.

मागच्या वर्षी त्यांनी शाळेच्या ग्रंथालयातून 'एकांतनगर' नेलं. दौंडच्या मेघना नावाच्या तरुण शिक्षिकेनं मोठ्या होत चाललेल्या मुलांसाठी लिहिलेल्या या तीन कादंबऱ्या. पुढच्या काळातलं एक शहर आहे, तिथे ज्यानं त्यानं एकट्यानंच राहायचं असा कायदा आहे. परवान्याशिवाय दोन माणसं एकत्र दिसली की अटक. पंधरा वर्षांची रेवा तो कायदा मोडायला निघते. अण्णांनी तिन्ही भाग चार दिवसांत संपवले आणि पाचव्या दिवशी थेट माझ्या वर्गाच्या दारात.

"सर, ह्याचं चित्रांचं पुस्तक करायचं. आन् मीच करणार."

मी मेघनाताईंना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, आधी काही पानं बघते, मग परवानगीचं सांगते. झालं. फ्लेक्स सांगायला आलेल्याला आधी रेवाची कथा ऐकावी लागू लागली. रांजणगावच्या कंपनीची बस गाठायला निघालेल्या एकाला अण्णांनी दुसऱ्या भागाचा शेवट ऐकवला. त्याची शिफ्ट बुडाली, पण तिसरा भाग न्यायला तो शाळेत माझ्याकडे आला.

पुस्तकात चेहरे लागतायत, ही बातमी गावभर झाली आणि लोक फोटो घेऊन येऊ लागले. एका माजी सरपंचांना अण्णा म्हणाले, "आबा, जुलमी पहारेकऱ्याचीच जागा राहिलीय."

"चालतंय की. फकस्त उपसरपंचाच्या वर घे."

महिन्याभरानं मेघनाताई आल्या. अण्णांनी पहिलं पान उघडलं: एकांतनगरचा निर्मनुष्य चौक. त्यात निम्मं गाव हात जोडून उभं होतं. शहराच्या प्रशासकाला गॉगल आणि कानाला फोन. खाली गोलागोलांत हसरे पहारेकरी. कोपऱ्यात वाघ.

"अण्णा, इथे दोघांनी एकत्र यायला बंदी आहे ना?"

"व्हय मॅडम. पण बघा की, कुणी कुणाशी बोलतंय का? समदी पुढं बघत्यात."

मला तो मुद्दा पटला. फ्लेक्सवरची माणसं एकमेकांकडे बघताना मी कधी पाहिलेली नाहीत.

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. दुसऱ्या भागात रेवा घरी एकटी जेवते, तेवढं एक पान मला काढून द्या. पण एकटीच हवी. जमलं तर पुस्तक तुमचं. नाही जमलं तर राहू द्या."

त्यानंतरचा महिना अण्णा त्या एका पानाशी झटत होते. पहिल्यांदा खिडकीत शेजारीण आली. दुसऱ्यांदा भिंतीवर फोटो आला.

"ही कोण?" मी विचारलं.

"रेवाची आज्जी. भिंतीवरलं माणूस मोजायचं नसतंय."

"अण्णा, सोडा की जरा मोकळं."

"कळतंय वो सर. पुस्तक जातंय का काय, त्याचीच धास्ती हाय. पण मोकळं दिसलं की हात जातोच." ते हसले नाहीत.

मग एका रविवारी सकाळी ते स्वतःच आले. "काढा गाडी. दौंडला जायचंय."

ताईंच्या घरी त्यांनी कागद पुढे ठेवला. कॉम्प्युटरवरचा नव्हे, पेन्सिलनं काढलेला. लहान खोली, ताटात भाकरी, तांब्या, जमिनीवर बसलेली रेवा. बाकी काही नाही. समोरचं दार वीतभर उघडं.

ताईंनी दारावर बोट ठेवलं. "दार उघडं आहे, हे मी लिहिलेलं नाही."

"एकटं माणूस दार लावून जेवत न्हाई, मॅडम," अण्णा म्हणाले. "रस्त्यानं जाणाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं. तेवढाच घास जातो."

"पुस्तक तुमचं," ताई म्हणाल्या.

परतताना गाडीवर मागे बसून अण्णा तिसऱ्या भागातला पूल, रेवाचं पळणं, शेवटची गर्दी, सगळं माझ्या कानात ओरडून सांगत होते. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा नोकरीनिमित्त लांब. इतक्या वर्षांत मी रोज दुकानात बसलो, पण दुकानामागच्या त्यांच्या राहत्या खोलीत कधी पाय टाकला नव्हता.

दुपारी दुकानापाशी गाडी लावून मी म्हणालो, "अण्णा, जेवूनच जातो आता."

कुलूप काढता काढता ते थांबले. "पिठलंच हाय."

"चालेल."

"बसा मग," ते घाईनं आत जात म्हणाले. "दुसरं ताट माळ्यावर हाय, काढतो."