स्वावलंबनाचा रकाना

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुलांचा विकास वेळेत पूर्ण व्हावा, या हेतूने शाळेने अठ्ठेचाळीस रकान्यांचा तक्ता घरोघरी पाठवला. शेवटचा रकाना होता, 'स्वतःची कामे स्वतः करतो/करते'. तिथे बरोबरची खूण असेल, तरच तंबूतल्या सहलीला नेणार होते.

एका घड्याळजींची दहा वर्षांची मुलगी या सहलीसाठी महिनाभर दिवस मोजत होती. तिने तक्ता भरला, वडिलांची सही घेतली आणि पहिल्याच दिवशी नेऊन दिला.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. शेरा होता, 'पाल्याने स्वतः भरल्याने अग्राह्य.'

घड्याळजी दुकान बंद करून शाळेत गेले. वर्गशिक्षिकेने त्यांना एक आदर्श तक्ता दाखवला. त्याला बारा फोटो जोडले होते. एकात एक मुलगा बुटाची नाडी बांधत होता. त्याच नाडीवर आणखी दोन हात होते, बांगड्यांसकट.

"बाई, आमची सगळं स्वतःच करते. फोटो काढायला आम्ही तिथे असतोच कुठे?"

"तेच म्हणते मी. पालकांचा सहभाग शून्य दिसतोय."

उपाय म्हणून मुलीला सहा दिवसांच्या स्वावलंबन वर्गात घातले. दोन वर्षे एकटी शाळेत येणाऱ्या मुलीला आता वडिलांनी आणायचे आणि न्यायचे, असा नियम होता. पहिल्या दिवशी तिने सूचनेआधी पेन्सिलला टोक काढले; गुण कापले गेले. दुसऱ्या दिवशी उकडते म्हणून खिडकी उघडली. घड्याळजींना बोलावणे आले.

सहाव्या दिवशी ती बाटली हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पाणी पिऊ?"

बाईंचे डोळे भरून आले. खूण झाली.

घरी येताना घड्याळजींनी घाबरत विचारले, "खरंच विचारायला लागलीस की काय?"

"सहलीपर्यंतच हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी स्वावलंबनाचा दाखला घ्यायला दोघे शाळेच्या कार्यालयात गेले. कारकुनाने रजिस्टर पुढे सरकवले. घड्याळजींनी पेन उचलले, थांबले आणि अदबीने विचारले, "साहेब, सही निळ्याने करू की काळ्याने?"

मुलीने त्यांच्याकडे निरखून पाहिले.

"बाबा, तुमचा वर्ग किती दिवसांचा होता?"

हसू आलेल्या वाचकांनी आपली शेवटची सही आठवून पाहावी. पेनाचा रंग कोणाला विचारला होता?