दातारकाका आणि वॉटर पंप

आमच्या सोसायटीत काहीही बंद पडलं की आम्ही ते आधी दातारकाकांपासून लपवतो. मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर दाराची बेल. काकांना नुसती कुणकुण लागली तरी ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात हजर होतात आणि म्हणतात, "उघडल्याशिवाय कळत नाही." एकदा माझ्या सासूबाईंचं कानातलं मशीन कुरकुरायला लागलं. त्या हे जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या आणि पाचव्या मिनिटाला त्या मशीनचे अवयव काकांच्या रुमालावर मांडलेले होते. मशीन दुरुस्त झालं, खोटं कशाला बोलू? पण तोवर दोन दिवस आम्ही घरात एकमेकांशी ओरडून बोलत होतो आणि आमचं नवराबायकोचं बिनसलंय अशी बातमी तळमजल्यापर्यंत गेली.

नवीन पनवेलला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये काका आणि हिराकाकू दोघंच राहतात. काका रिटायर्ड ड्राफ्ट्समन. वय चौसष्ट. कमरेला सतरा खिशांची हाफपँट आणि प्रत्येक खिशात एक पाना. जगात त्यांना दोन गोष्टींची काळजी. एक काकूंची, आणि दुसरी त्यांच्या चोवीस वर्षांच्या पांढऱ्या गाडीची. क्रम रोज बदलतो असं काकू म्हणतात.

माणसांची पारख ते गाडीच्या आवाजावरून करतात. माझ्या नवऱ्याबद्दल मला एकदा म्हणाले, "मंजू, तुझे मिस्टर क्लचवरचा पाय काढतच नाहीत. निर्णय घेता येत नाही अशा माणसाला." मी चिडणार होते, पण खरं होतं ते.

तर गेल्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी रांगोळी काढायला खाली उतरले, तर काका आपल्या गाडीखाली पसरलेल्या हिरवट डबक्यासमोर उकिडवे बसलेले. बोट बुडवलं, हुंगलं, आणि मुलगी बघायला आलेल्या मुलासारखे लाजत हसले.

"वॉटर पंप गेला!"

मी म्हटलं, "मग वाईट झालं ना?"

"वाईटच गं. इंजिनाभोवती पाणी फिरवतो तो पंप. तो गेला की इंजिन तापणार, तापलं की बसणार. पण पंप मी अजून कधी उघडलेला नाही!"

वरून गॅलरीतून काकूंचा आवाज आला. "अहो, परवा भाऊबीज आहे."

काकांचं हसू तिथल्या तिथे मावळलं. काकूंचं माहेर उरणच्या अलीकडे, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. एकुलता एक भाऊ, आणि ऐंशी ओलांडलेली आई. वर्षातून हा एक दिवस काकू सकाळी लवकर निघतात आणि काका त्यांना ह्याच गाडीतून नेतात. चोवीस वर्षांत खंड नाही.

काकू म्हणाल्या, "मी रिक्षाने जाईन हो." काका नाही म्हणाले. मी म्हटलं आमची गाडी घेऊन जा. काका नाही म्हणाले. पळस्पे फाट्यावरचा मेकॅनिक दिवाळीला गावी गेलेला, तो सोमवारशिवाय येणार नव्हता. म्हणजे काकांना त्याची गरज होती अशातला भाग नाही, पण आपल्या वाटेतला शेवटचा अडथळा दूर झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. दुपारपर्यंत जुन्या पनवेलला जाऊन, पूजेच्या तयारीत असलेल्या दुकानदाराला पाटावरून उठवून, ते नवा पंप घेऊन आलेसुद्धा.

पाडव्याला पहाटे आंघोळ उरकून काम सुरू झालं. मदतनीस म्हणून माझा नवरा ठरला होता. तो "जरा फराळाचे डबे पोचवून येतो" म्हणून जो गेला तो गेलाच. मग टॉर्च धरायला मी.

सेक्रेटरी आले. "दातार, पार्किंगमध्ये दुरुस्ती करायची नाही असा नियम आहे."

गाडीखालून आवाज आला, "दुरुस्ती कुठे करतोय? उघडून बघतोय."

नियमात उघडून बघण्याबद्दल काही नव्हतं. सेक्रेटरी तोंडात चकली घालून निघून गेले.

काकांची कामाची पद्धत बघण्यासारखी. मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर त्यांनी पंपाचं चित्र काढलं, अगदी ड्राफ्ट्समनच्या हाताचं, आणि पंपाचा जो बोल्ट निघेल तो चित्रातल्या त्याच जागी पुठ्ठ्यात खोचला. कारण प्रत्येक बोल्टाची लांबी वेगळी, चुकीच्या भोकात लांब बोल्ट गेला तर सत्यानाश. खाली ते हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, धरायला पातेलं ठेवलेलं. ते पातेलं कोणाचं, हे मी ओळखलं, पण सणासुदीला कशाला कोणाच्या संसारात काडी घाला?

दहाच्या सुमारास काकू तबक घेऊन खाली आल्या. पाडवा ना! नवऱ्याला ओवाळायचं होतं. नवऱ्याचे फक्त पाय दिसत होते.

"बाहेर या."

"बेल्ट सुटलाय, हात काढता येत नाही. तसंच ओवाळ."

"पायांना ओवाळू?"

शेवटी काकांनी कसंबसं डोकं तेवढं बाहेर काढलं. काकू खाली वाकल्या, ऑइलने माखलेल्या कपाळावर कुंकू लावलं आणि निरांजन ओवाळलं. "ऊठ, पेट्रोलची गाडी आहे, ज्योत लांब धर," एवढाच काय तो नवऱ्याचा आशीर्वाद. मी टॉर्च धरून पोट धरून हसत होते, आणि त्या हसण्यात माझं कोपर त्या पुठ्ठ्याला लागलं.

सगळे बोल्ट टणाटण उड्या मारत पार्किंगभर!

मला वाटलं, आता ओरडतात. काका डोळे मिटून शांतपणे म्हणाले, "घाई करणाऱ्याचा बोल्ट तुटतो, हसणाऱ्याचा हरवतो. शोध." पाच सापडले. सहावा तासाभराने बी विंगच्या रांगोळीतल्या मोराच्या पोटात सापडला. तो काढताना मोराचं जे झालं, त्यावरून बी विंगच्या कुलकर्णीबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पंपाच्या सांध्यात चिकटलेलं जुनं गॅस्केट खरवडायला दुपार गेली. नवा पंप बसला, बेल्ट चढला, रेडिएटर भरला. संध्याकाळी गाडी सुरू झाली. पण पाण्यात अडकलेली हवा बाहेर काढायला हीटर पूर्ण लावून इंजिन चालू ठेवावं लागतं म्हणे. त्या उकाड्यात मला आत बसवून, हीटर लावून, काका बाहेरून विचारत होते, "तापमानाचा काटा कुठे आहे? मध्येच आहे ना?" मी म्हटलं, काट्याचं माहीत नाही, मी वर चाललेय.

भाऊबीजेला सकाळी माझ्या बंगळुरूच्या भावाला मी फोनवरच ओवाळलं. तेवढ्यात काका दारात. "मंजू, नवा पंप आहे. काट्यावर नजर ठेवायला माणूस पाहिजे, माझं लक्ष रस्त्यावर. येतेस?" मी मूर्खासारखी हो म्हटलं.

निघालो. खबरदारी म्हणून हीटर चालूच. उलव्याला पोचेपर्यंत माझी साडी भिजली. काच उघडी ठेवावी तर बांधकामांची धूळ, मिटावी तर भट्टी. पुढे द्रोणागिरीच्या बाजूला कंटेनरच्या रांगेत अडकलो तेव्हा काकू पदराने वारा घेत मला म्हणाल्या, "दर वर्षी काहीतरी असतंच गं. मागच्या वर्षी हॉर्न बंदच होत नव्हता." पण काटा मध्यावरून तसूभर हलला नाही. काकांनी तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं. स्वारी खूश.

कोळीवाड्याच्या तोंडाशी, जाळी वाळत घातली होती तिथे, काकांनी गाडी लावली. काकू पिशवी घेऊन उतरल्या आणि मागे न बघता गल्लीत गेल्या. मला वाटलं आता काका उतरतील. उतरले, आणि बॉनेट उघडून उभे राहिले.

"काका, काय झालं? काटा तर बरोबर होता!"

"काही नाही. बघितलेलं बरं."

थोड्या वेळाने काकूंचा भाऊ, नामदेवमामा, स्वतः चहाचे दोन ग्लास घेऊन आला. पन्नाशीचा, रापलेला, अंगात नवा शर्ट.

"गारी बिगरली का, भावजी?"

"किरकोळ आहे."

"बरां." मामाने ग्लास ठेवले, थोडा वेळ उभा राहिला, इंजिनाकडे बघितलं, आणि गेला.

मला काही राहवेना. "काका, आत का नाही जात तुम्ही?"

काका ऑइल मोजायची डिपस्टिक काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "हिच्या वडिलांना आमचं लग्न पसंत नव्हतं. म्हणाले होते, पोरीने यावं, पण तिच्या नवऱ्याचा पाय माझ्या उंबऱ्याला लागायचा नाही."

"ते आहेत अजून?"

"जाऊन बारा वर्षं झाली."

"मग?"

"मग काय? येऊ नका असं सांगितलेलं होतं. या असं अजून कोणी सांगितलेलं नाही." डिपस्टिक परत खोचली. "नुसता माणूस रस्त्यावर उभा राहिला की लोक विचारतात, कोणाकडे आलात? बॉनेट उघडं असलं की कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी मला आत काय कुठे असतं तेसुद्धा ठाऊक नव्हतं. चार तास नुसता बघत उभा होतो. पुढच्या वर्षी पुस्तक घेऊन आलो."

म्हणजे हा माणूस सगळं मेकॅनिकपण ह्या जागी उभं राहून शिकला होता. मला हसूही आलं आणि रागही. मी म्हटलं, मला बाथरूमला जायचंय, आणि तडक गल्लीत शिरले.

घरात ओवाळणं नुकतंच झालेलं. मामाच्या बायकोने, सुमनमामींनी, मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या काकांना आमच्या घरान मासलीचा वास येतं ना? बामन मानूस, आमी समजतूं. म्हनून कवा आग्रह नाय केला."

"वास?" मी जवळजवळ किंचाळलेच. "अहो, हा माणूस दर रविवारी बाजारातून कोळंबी आणून बायकोला स्वतःच्या हाताने सोलून देतो! खात नाही एवढंच. त्यांना वाटतं तुमच्या सासऱ्यांची बंदी अजून चालू आहे!"

कोपऱ्यात बसलेल्या काकूंच्या आईने मान वर केली. काकू तबक धरून तशाच उभ्या. "मला वाटायचं, बाबांचं बोलणं ह्यांच्या मनात राहिलंय," त्या म्हणाल्या. "उगीच जखमेवरची खपली नको, म्हणून मी विषयच काढला नाही."

मामी चुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बारा वर्सां झाली, भाऊबीजंला या घरान मासली शिजत नाय. कोल्याच्या घरान! आयचा हुकूम हाय. न जानो, जावय आला तं."

काकू आईकडे बघत राहिल्या. "मला तर तुझा कसला तरी नवस वाटला गं."

म्हातारीने काठी जवळ ओढली. नामदेवमामा उठला, चपला न घालताच बाहेर गेला, आणि मी त्याच्या मागे.

काका अजून इंजिनात वाकलेले. मामाने त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं, बॉनेटचा टेकू काढला आणि धाडकन बॉनेट खाली आपटलं.

"अरे, अरे, पाना आत राहिला!"

"र्‍हाऊंदे. भावजी, चला घरान. आय वाट बगते."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. मग त्यांनी सतरा खिशांची पँट झटकली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि मामाच्या मागून चालायला लागले. आयुष्यात कधी नव्हे ते त्यांना गाडी लॉक करायचं सुचलं नाही.

दारात मामी तांब्या घेऊन उभ्या होत्या. काकांनी पुढे केलेले हात काळेकुट्ट होते. म्हातारी काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "यवरा येल लावलास यायला, बाबा." मामींनी पाण्याची धार धरली. काका खाली मान घालून हात धुवायला लागले. एक तांब्या झाला, दुसरा झाला, हात केव्हाच स्वच्छ निघाले होते, तरी ते चोळतच राहिले. काकू पुढे झाल्या, आपला पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "पुरे आता. पुसा." काकांनी त्यात आधी तोंड पुसलं.