जगातली सगळ्यात मोठी खेळाडू

आमचे बबनमामा नवी ओळख झाली की माणसाचं गाव, नोकरी विचारत नाहीत. विचारतात, "बास्केटबॉलमधला आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण?" समोरचा कुणा अमेरिकनाचं नाव घेतो. मामा शांतपणे म्हणतात, "गलत."

मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला असलेला एक मुलगा त्यांच्या मुलीला पाहायला आला, तेव्हा त्याचीही सुटका झाली नाही. तो बिचारा "तुम्हीच सांगा" म्हणाला आणि जावई झाला.

बरोबर उत्तर म्हणजे माझी आई. मामांची थोरली बहीण, सुमन. उमरेडहून आलेल्या विणकरांच्या घरातली ही मुलगी धरमपेठेतल्या सिमेंटच्या मैदानावर कॉलेजच्या संघाची कर्णधार म्हणून खेळली. लग्नानंतर तिने चेंडूला हात लावला नाही.

मामा रोज सकाळी त्याच मैदानाच्या कठड्यावर जाऊन बसतात. सराव संपला की मुलं भोवती जमतात आणि वाद पेटतो. "माझं एकच म्हणणं आहे गा," अशी मामांची सुरुवात. त्यानंतर किमान सहा म्हणणी येतात. अमेरिकेत लाकडाची फरशी, थंडगार हवा. त्या लोकांना मे महिन्यात आमच्या सिमेंटवर उतरवा, मग बोलू. मुलं अजिंक्यपदं मोजतात, मामा आईच्या गुडघ्यांवरचे व्रण. तिथला नियम असा, की जो हार मानेल त्याने सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. इतक्या वर्षांत कुणी हार मानली नव्हती, त्यामुळे पोहे ज्याचे त्याने खायचे.

मी पुस्तकांत रमणारी. मला या सगळ्याची लाज वाटायची. आई नुसती हसायची. म्हणायची, "बबन्याले कोणी तरी आवरा वं."

या उन्हाळ्यात आई गेली. तेरवीनंतर मामांचे पाय मैदानाकडे वळेनात, तेव्हा मीच त्यांना घेऊन गेले. मुलं उठून उभी राहिली. त्यांच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात भांडकुदळ मुलगा म्हणाला, "मामा, आम्ही हारलो. सुमनताईच मोठ्या." मग सगळ्यांसाठी पोहे आले, वर लालभडक तर्री.

मामांनी प्लेट बाजूला सारली. मला वाटलं, गहिवरले. पण ते चिडले होते.

"काहून मानलं गा तुम्ही? आता मी तिची गोष्ट कोणापाशी काढू?"

मी जन्मात कधी वाद घातला नव्हता. तरी म्हणाले, "मामा, आईचा डावा हात कच्चा होता. तीच सांगायची."

मामा सावकाश माझ्याकडे वळले. "तुले काय माहीत वं? तू पाहिलं तिले खेळताना?"

नव्हतं पाहिलं.

सत्तरीच्या मामांनी चपला काढल्या. मैदानात उतरले. हातात चेंडू नसतानाच धावले, दोन पावलं टाकून उडी घेतली आणि डावा हात वर नेला. मान किंचित तिरपी, कोपर अंगाशी. मामा असे कधीच दिसत नाहीत; ही ढब आईची असणार.

उंच मुलाने मुद्दाम ओरडून सांगितलं, "पाऊल चुकलं मामा. हा बास्केट मोजत नाही आम्ही."

मामा धापा टाकत थांबले. "माझं चुकलं असंल," ते म्हणाले. "तिचं नसतं चुकलं."