तारीची सासू

तारी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून भिंतीला पाणी मारलं. मी बादलीतून मग भरून सपकन फेकत होतो. तारी कमरेवर हात ठेवून मागे उभी.

"अवो, तोंडावर नका मारू. सासूच्या नाकात जाईल. खांद्यावरून सोडा."

भिंतीला खांदा कुठून आला, असं तुम्ही विचाराल. मी विचारत नव्हतो. संसारात काही गोष्टी पाठ होतात. खिडकीवरची लाकडी पट्टी म्हणजे खांदा, पायरी म्हणजे पाय, आणि कौलांची पडवी म्हणजे पदर. मी पट्टीवरून पाणी सोडलं.

तारी म्हणजे माझी बायको, तारा. काशीदच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची खानावळ आहे. जांभ्या दगडाची, जाड भिंतीची, माझ्या आज्याने बांधलेली. मागे आम्ही राहतो, पुढे लोक जेवतात. ही इमारत म्हणजे तारीची सासू.

झालं असं की मी पाळण्यात असतानाच माझी आई गेली. लग्न होऊन तारी दारात आली तेव्हा माप ठेवायला शेजारची बाई होती. तारीने पदराआडून विचारलं, "सासू कुठं हाय?" माझ्या चुलत्याने थोडी घेतलेली होती, त्याने भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "हीच तुझी सासू. पड पाया." लोक हसले. तारी हसली नाही. तिने वाकून पायरीला नमस्कार केला आणि आत आली. मला वाटलं, आठवडाभराचा खेळ आहे.

कसला आठवडाभराचा. आमटी खारट झाली की तारी गिऱ्हाइकाला सांगायची, "आज सासूनं मीठ टाकलं." कुणी सुरमई मागितली आणि नसली, तर नुसतं "नाही" म्हणायची नाही. "थांबा, सासूला इचारते." भिंतीला कान लावायचा, मान डोलवायची, परत यायचं. "न्हाय म्हणते. बांगडा खा, ताजा हाय." मुंबईची माणसं निमूट बांगडा खायची. काही तर जाताना भिंतीला नमस्कार करून जायची. मी गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावायचो.

माझ्या तक्रारीही तिकडेच. "बघा सासूबाई, तुमचं पोर परत तोंड फिरवून जेवतंय." मला म्हणायची, "तुमची आईच की ती. आई म्हणायला काय जातंय तुमचं?" मी म्हणायचो, "दगडाला आई म्हणायला मी काय खुळा आहे?" ती भिंतीकडे वळायची. "ऐकलंत? असा हाय."

एकदा नवी मुंबईहून जमिनीचा दलाल आला. गॉगल, गळ्यात साखळी. "काकी, रेट बोलो ना. कॅश देतो." तारी म्हणाली, "घर सासूचं हाय. तिच्याशी बोला." त्याने गॉगल काढला. "आजी कुठे झोपल्यात?" तारी म्हणाली, "झोपल्या न्हाय, उभ्या हायत. पण जेवणाच्या येळेला बोलत न्हाय." तो बापडा बसला. एक थाळी खाल्ली. मग दुसरी. दुपार कलली तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, आजी आहेत ना नक्की?" मी म्हटलं, "तू टेकून बसलायस." तो पुन्हा या रस्त्याला दिसला नाही.

मग आमच्या रस्त्याचं नशीब उघडलं. किनाऱ्याचा हा जुना रस्ता वारसा मार्ग ठरला. तसा फलक लागला. खड्डे होते तेच राहिले, फक्त आता ते वारशाचे खड्डे झाले. फलकामागून योजना आली. रस्त्याकडेच्या जुन्या इमारतीत ज्याचा धंदा आहे, सोडावाला, वाणी, खानावळवाला, त्याने इमारत मूळ होती तशी दुरुस्त करायची, त्याला अनुदान मिळणार. पाहणीला एक तरुण आर्किटेक्ट बाई आली. मी तिला मॅडम म्हणायचो, तारी तिला "पोरी" म्हणायची.

मॅडमने धंद्याचं नाव विचारलं. आमच्या खानावळीला नावच नव्हतं, लोक "ती पुढची" म्हणायचे. तारी म्हणाली, "लिव, सासूबाईंची खानावळ." मॅडम म्हणाली, "म्हणजे मालक सासूबाई?" तारी म्हणाली, "मालक कोण न्हाय. आमी त्यांच्याकडं ऱ्हातो." मॅडमने माझ्याकडे पाहिलं. मी दाराबाहेर पाहिलं.

मग मॅडमने पुढच्या भिंतीवर टकटक केली आणि तिचा चेहरा पडला.

ही भिंत तारीची लाडकी. धंदा बरा चालला त्या वर्षी स्वतःला पाटल्या करायचं बाजूला ठेवून तिने भिंतीला सिमेंटचा गिलावा करवला आणि वर निळा चकचकीत ऑइलपेंट. गावभर सांगत सुटली, सासूला शालू घेतला. पुढे पुढे भिंतीला मधेच फुगवटा आला. तारी गिऱ्हाइकांना सांगायची, "पोट सुटलंय. बसून खाते ना."

मॅडम म्हणाली, "काकू, जांभ्याच्या भिंतीला चुनाच लागतो. दगडातलं पाणी त्यातून बाहेर पडतं. तुम्ही वरून सिमेंट आणि रंग लावलात. पाणी आतच राहिलं, दगड कुजतोय. या भिंतीला श्वास घेता येत नाहीये."

तारीने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा आमची खानावळ मयत नसताना बंद राहिली. दिवसभर पायरीवर बसून होती. शेवटी मला म्हणाली, "इतकी वर्सं मी तिचा गळा दाबून बसले. आणि ती बोलली पन न्हाय."

मी म्हटलं, "दगड आहे तो, तारी."

"म्हनून तर."

दुसऱ्या दिवशी गवंडी यायच्या आत ती छिन्नी-हातोडी घेऊन बसलेली. निळा शालू खरवडत होती. प्रत्येक घावाला, "दुखलं तर सांगा हं." गवंड्याने छिन्नी मागितली तर त्याला म्हणाली, "तू पुरुषमानूस, तुला काय जमनार?"

उघड्या भिंतीतला कुजका दगड काढून नवा बसवला. मग चुना आला. त्यात गूळ घालतात, मेथीचं पाणी घालतात. तारीने गुळाच्या ढेपा पाहिल्या आणि अडून बसली. "या वयात एवढा गूळ? साखर व्हईल तिला." मॅडमने कपाळाला हात लावला. मला बरं वाटलं, इतकी वर्षं मी एकटाच लावत होतो.

गिलावा झाल्यावर मॅडमने बजावलं. चुना सावकाश घट्ट होतो. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, वर भिजवलेलं गोणपाट ठेवायचं. उन्हात कोरडा पडला तर केसासारख्या भेगा जातात. भेगा गेल्या तर सगळं पाडायचं, तपासणी नापास, पुढचा हप्ता नाही, आणि मागची खरवडून ठेवलेली भिंत उघडी पावसात. आमचा मुलगा विलास उरणला कंटेनरच्या धंद्यात आहे. तो फोनवर म्हणाला, "आई, कशाला ही झंझट? नापास झालं तर मी सरळ पाडून स्लॅब टाकतो." तारीने फोन भिंतीकडे धरला. "ऐका, तुमचा नातू काय बोलतोय."

त्या दिवसापासून पाणी कधी चुकलं नाही. गोणपाटाला ती सासूचं लुगडं म्हणायची, आणि माझ्याकडून नेसवून घ्यायची नाही. "बायामानसाचं काम हाय. तुमी तिकडं बघा."

तर ती संध्याकाळ. पाणी मारून झालं, लुगडं नेसवून झालं. मी बादली घेऊन आत निघालो. ती मागेच राहिली, भिंतीवर हात ठेवून. मला वाटलं, नेहमीची कागाळी चालली असेल. कानावर आलं ते एवढंच, "सासूबाई, पोराकडं लक्ष ठेवा. सकाळची गोळी घ्यायला इसरतं ते."

मी आतून ओरडलो, "नाही विसरत."

"कालच इसरलेलात," ती म्हणाली. खरं होतं. प्रेशरची गोळी, रोज ती हातावर ठेवायची म्हणून घेतली जायची.

पहाटे मी चहासाठी हाक मारली तर ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली, कळलंही नसेल. मला कळलं ना.

तो दिवस माणसांचा. विलास आला, गाव आला. लोक भिंतीला टेकून बसले होते. गोणपाट कुणीतरी काढून पायपुसण्याला टाकलं. भिंत दिवसभर उन्हात. मला दिसत होतं, पण मी उठलो नाही. संध्याकाळी विलास माझ्याजवळ बसला. चांगलं पोर आहे, डोळे सुजलेले. म्हणाला, "बाबा, आता कोण मारणार ते पाणी? जाऊ दे. तुम्ही उरणला चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे निजलेले असताना मी बादली घेऊन बाहेर आलो. भिंतीवरून हात फिरवला. कोरडी होती, कालच्या उन्हाची ऊब अजून धरून. खिडकीपासून पायरीपर्यंत बोटांनी चाचपत गेलो. भेग नव्हती. अजून नव्हती.

पाण्याचा मग भरला आणि खांद्यावरून सोडला. तोंडावर नाही. पायपुसण्याचं गोणपाट धुतलं, भिजवलं, नेसवलं. वेडंवाकडंच नेसवलं, ते काम मला कधी करू दिलं नव्हतं. दारात विलास येऊन उभा राहिला. "बाबा, सुतक आहे. आज कामं नाही करायची."

मी म्हटलं, "काम नाही हे. बादली भरून आण."

तो बादली घेऊन विहिरीकडे गेला. मी खिशातून गोळी काढली, मगात उरलेल्या पाण्याबरोबर गिळली. भिंतीवर हात ठेवला.

"घेतली, आई," मी म्हटलं.